रोहूच्या मेंदूतली प्रजननाची जनुकं मोजताना

रोहू तळ्यात वाढतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण साठलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही. तिला नदीचं चढतं, गढूळ, वाहतं पाणी लागतं. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मत्स्यबीज केंद्रावर आर्द्रा लागली की ब्रूडरना, म्हणजे बीजासाठी राखलेल्या माशांना, इंजेक्शन द्यावंच लागतं. ही पद्धत १९५७ची. हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी त्या वर्षी १० जुलैला ओडिशातल्या अंगुलमध्ये पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा, अर्क टोचून भारतीय कार्पकडून अंडी घेतली. आज त्या अर्काची जागा बहुतेक ठिकाणी ओव्हाप्रिमने घेतली आहे. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सामन माशाच्या जीएनआरएचचं (पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाचं) कृत्रिम रूप २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असतं. पहिलं पिट्युटरीला एलएच, म्हणजे अंडी सुटायला लावणारं संप्रेरक, सोडायला लावतं, दुसरं डोपामिनने लावलेला ब्रेक सोडवतं. म्हणजे घोडं पेंड खातं ते अंडाशयात नव्हे, मेंदू आणि पिट्युटरीच्या मध्ये.

आम्ही तीच जागा जनुकांच्या बाजूने मोजतो. वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर मेंदूच्या कोणत्या भागात कोणत्या जनुकाचा आरएनए (जनुक चालू असताना निघणारी त्याची प्रत) किती आहे, एवढाच प्रश्न. यावरच्या कार्यपद्धती साधारणपणे ट्रायझॉलच्या, म्हणजे आरएनए काढायच्या द्रावणाच्या, बाटलीपासून सुरू होतात आणि क्यूपीसीआरच्या, म्हणजे त्या आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीच्या, आलेखापाशी संपतात. आमचा अनुभव असा की निम्म्याहून जास्त गोंधळ त्याआधीच, तळ्याकाठच्या टेबलावर झालेला असतो, आणि तो पुढे कुठल्याही यंत्राने निस्तरता येत नाही. म्हणून इथे तो भाग लांबवून लिहिला आहे.

आधी मासा. सायप्रिनस (कॉमन कार्प) स्वस्त आणि कुठेही मिळतो, पण त्याची गुणसूत्रं १००, रोहूची ५०. सायप्रिनसच्या पूर्वजात आख्खा जीनोम आणखी एकदा दुप्पट झाला, त्यामुळे त्याच्या कितीतरी जनुकांच्या दोन-दोन जवळपास सारख्या प्रती आहेत. प्रायमर, म्हणजे जनुक हेरणारा डीएनएचा छोटा तुकडा, कोणत्या प्रतीला चिकटला हे ठरवण्यातच वेळ जातो. चिलापी रंकाळ्यातही आहे आणि बाजारातही, पण ती ऊबदार पाण्यात वर्षभर अंडी घालत राहते. ऋतूचा परिणाम बघायचा असेल तर तिचा उपयोग थोडा. रोहूचं चक्र मात्र पावसाला बांधलेलं आहे, आणि तेच हवं आहे.

मोजायची जनुकं ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. पुष्कळ माशांत जीएनआरएचची तीन रूपं असतात, कार्प कुळात, म्हणजे रोहूच्याही कुळात, दोनच: जीएनआरएच२ आणि जीएनआरएच३. जीएनआरएच१ या कुळात हरवलेलं आहे. त्याचं काम जीएनआरएच३ करतं. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दुसऱ्या माशाच्या जीएनआरएच१चे प्रायमर मागवतो आणि रिकाम्या जेलकडे बघत बसतो. या दोघांसोबत जीएनआरएचच्या पेशींना चालना देणाऱ्या किसपेप्टिनची जनुकं किस१, किस२ आणि त्यांचे ग्राही, उलट आवर घालणारं जीएनआयएच, डोपामिन तयार करणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, डोपामिनचा डी२ ग्राही, मेंदूतलं अ‍ॅरोमाटेज म्हणजे सायप१९ए१बी, आणि पिट्युटरीसाठी एफएसएच-बीटा व एलएच-बीटा, म्हणजे तिथल्या दोन संप्रेरकांचे घटक. सुरुवातीला सगळी घेऊ नयेत. जीएनआरएच३, किस२, डी२ ग्राही आणि एलएच-बीटा या चारांवर हात बसला की मग यादी वाढवावी.

नमुने चार टप्प्यांवर घेतो: माघ-फाल्गुनातली तयारी, वळवाच्या दिवसांतला प्रजननपूर्व काळ, जून-अखेर ते ऑगस्टचा प्रजननकाळ, आणि दिवाळीच्या सुमाराचा विसावा. तारखेवर विसंबता येत नाही. वळीव लवकर झाला, ढगाळ हवा राहिली, खाद्य बदललं, तर एकाच तळ्यातल्या मासळीची अवस्था मागेपुढे होते. त्यामुळे प्रत्येक माशाची जननग्रंथी तोलून शरीराच्या वजनाशी तिची टक्केवारी काढायची आणि तिचा एक तुकडा ऊती टिकवणाऱ्या बुइन द्रावणात ठेवायचा. मादीची अंडी नळीने काढून त्यांतलं केंद्रक मधोमध आहे की कडेला सरकलं आहे तेही बघायचं. टप्पा ठरतो तो यावरून. नराचे वक्षपर हंगामात खरखरीत लागतात आणि पोट दाबलं की पांढरं वीर्य येतं, तिथे ओळख सोपी. हंगामाबाहेर पोट उघडल्याशिवाय खात्री नाही, म्हणून ठरवलेल्या संख्येपेक्षा दोन-चार मासे जास्तीचे मंजूर करून घ्यावेत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडचा अर्ज हे जास्तीचे मासे धरूनच करावा. नंतर वाढवून मागणं फार जिकिरीचं होतं.

मासा जिवंत प्रयोगशाळेत आणायचा की तळ्याकाठीच काम उरकायचं? तळ्याकाठीच. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत तासभर हादरे खात आलेल्या माशाचं कॉर्टिसॉल चढलेलं असतं आणि प्रजननाच्या अक्षावर त्याचा परिणाम होतो. त्याला टाकीत पंधरवडाभर स्थिर करावं तर तळ्यातली अवस्था उरत नाही. जाळं ओढणंही ताणाचंच, पण सगळ्या माशांना सारखं. एक ओढ झाली की मासे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, सोडायचे, एकेक उचलायचा, आणि दर वेळी सकाळी ८ ते १० याच वेळेत काम संपवायचं. या जनुकांची पातळी दिवसाच्या वेळेप्रमाणे हलते. फेब्रुवारीत सकाळी आणि जुलैत पाऊस थांबल्यावर दुपारी नमुने घेतले, तर दिसणारा फरक ऋतूचा की घड्याळाचा ते सांगता येणार नाही.

भुलीसाठी एमएस-२२२, लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि त्याच्या दुप्पट वजनाचा खाण्याचा सोडा. सोडा विसरला तर द्रावण आम्लधर्मी होतं, मासा उसळ्या मारतो आणि शांत करण्याचा हेतूच फसतो. लवंग तेलही चालतं, पण ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावं, नाहीतर वर तवंग धरतं. दोन्हींपैकी जे घ्याल ते वर्षभर बदलू नये. मासा आडवा पडला, शेपटी चिमटली तरी हलला नाही, की आधी शेपटीच्या शिरेतून रक्त घ्यायचं, मग पाठीचा कणा डोक्यामागे तोडायचा. इथून घड्याळ सुरू होतं. शेवटचा तुकडा नळीत जाईपर्यंत पाच मिनिटं ही आमची मर्यादा.

कवटी उघडायला नाजूक कात्री कामाची नाही. किलोभराच्या रोहूचं हाड जाड असतं. डोळ्यांच्या वरच्या कडेच्या पातळीत, मागून पुढे, जड सुरीने कवटीचं छत आडवं काढायचं. सुरी फार खाली गेली तर दृक्‌गोलार्ध सोलून निघतात. वर राहिली तर दुसरा काप घ्यावा लागतो, तो परवडला. छत निघालं की मेंदू लगेच दिसत नाही. वर मऊ, तेलकट गर असतो, तो टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून काढायचा. तो मेंदूसोबत नळीत गेला तर पुढे आरएनएच्या शुद्धतेला बाधतो.

आता घ्राणकंद. गोम इथे आहे. कार्प कुळात हे कंद अग्रमेंदूला चिकटलेले नसतात. लांब देठांवर, पार नाकपुडीपाशी असतात. मेंदू मागून उचलला की देठ तुटतात आणि कंद कवटीतच राहतात. जीएनआरएच३ बनवणाऱ्या काही पेशी अंत्य चेतेच्या बाजूने त्याच भागात बसलेल्या आहेत. एका माशाचे कंद आले आणि दुसऱ्याचे राहिले, की जीएनआरएच३चे आकडे माशागणिक उड्या मारतात आणि आपण त्याला ‘नैसर्गिक वैविध्य’ म्हणून मोकळे होतो. म्हणून आधी नाकपुडीकडची कवटी उघडून दोन्ही कंद देठांसकट मोकळे करायचे, मग मागे मज्जारज्जू तोडायचा, बाजूच्या चेता आणि खालच्या दृक्‌चेता कापायच्या, आणि मेंदू मागून पुढे उचलायचा.

उचलताना पिट्युटरी सोबत येत नाही. देठ तुटतो आणि ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या खळग्यात, पातळ पडद्याखाली राहते. बीज केंद्रावर ग्रंथी गोळा करणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्याइतक्या सफाईने ती क्वचितच कोणी काढतं, आणि शिकायचं तर त्यांच्याकडूनच शिकावं. पडदा सुईने फाडायचा, ग्रंथी बारीक चिमट्याच्या टोकावर खालून उचलायची, चिमटायची नाही. फरक पुढचा आहे. ते ती निव्वळ अल्कोहोलमध्ये टाकतात. त्यात संप्रेरक महिनोन्‌महिने टिकतं, पण गडद बाटलीत खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या ग्रंथीतून धड आरएनए मिळत नाही. केंद्रावरची जुनी बाटली मिळाली म्हणून त्यावर क्यूपीसीआर करायला जाऊ नये.

मेंदू बर्फावर ठेवलेल्या काचेच्या थाळीत घेऊन पाच भाग करतो: घ्राणकंद व देठ, प्रीऑप्टिक भागासह अग्रमेंदू, हायपोथॅलॅमस, दृक्‌गोलार्ध व त्याखालचा मध्यमेंदू, आणि उरलेला मागचा भाग. प्रीऑप्टिक भाग अग्रमेंदूसोबत घ्यायचा की हायपोथॅलॅमससोबत, यावर मतं आहेत. कुठेही घ्या, पण वर्षभर तिथेच. तसंच हॅबेन्युलाचं. अग्रमेंदू आणि दृक्‌गोलार्ध यांच्यामधल्या खाचेत ती तिळाएवढी जागा आहे, आणि झेब्राफिशमध्ये किस१ मुख्यतः तिथेच व्यक्त होतं. काप अर्धा मिलिमीटर पुढे-मागे झाला की किस१ एका माशात दुसऱ्या नळीत, दुसऱ्यात चौथ्या नळीत. किस१ मोजायचंच असेल तर खाचेच्या दोन्ही बाजू एकत्र घेऊन वेगळी नळी करावी. किस२ मुख्यतः हायपोथॅलॅमसमध्ये असल्यामुळे त्याला हा त्रास नाही. जीएनआरएच२ मध्यमेंदूच्या तळाच्या भागात मिळतं. चौथी नळी ठेवायची ती प्रामुख्याने त्यासाठी.

प्रत्येक तुकडा त्याच्या पाचपट ते दहापट आरएनएलेटरमध्ये, म्हणजे आरएनए टिकवणाऱ्या द्रवात. तुकड्याची एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ हवी, नाहीतर द्रव आत पोचण्याआधी मधला भाग सडायला लागतो. मे महिन्यात पारा ३५ अंशांच्या वर असताना हे जास्तच जाणवतं. नळ्या बर्फात, रात्रभर ४ अंशांवर, मग उणे ८०. द्रव नायट्रोजन हा दुसरा मार्ग. दुधाच्या जिल्ह्यात कृत्रिम रेतनामुळे तो मिळणं अवघड नाही, पण गोठून दगड झालेल्या मेंदूचे भाग करता येत नाहीत. भाग आधी करायचे, गोठवणं नंतर.

रसायनांची मागणी मे संपायच्या आत पूर्ण करावी. रोहूचा हंगाम आणि पंचगंगेचा पूर एकाच वेळी येतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ला धोका पातळी. त्यानंतर पुण्याहून येणारी गाडी कधी पोचेल ते कुणी सांगू शकत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. कोरड्या बर्फात निघालेलं विकर वाटेत अडकलं की संपलं. वीजही याच दिवसांत जाते, तेव्हा उणे ८०चा फ्रीजर जनित्राच्या लाइनवर आहे ना, हे जूनच्या आधी बघून ठेवायचं.

आरएनए काढणं त्या मानाने सरळ आहे. तुकडा आरएनएलेटरमधून काढून टिश्यूवर नीट टिपायचा, कारण त्यातलं मीठ ट्रायझॉलमध्ये गेलं की थर नीट सुटत नाहीत. ५० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलिलिटर ट्रायझॉल. मेंदू चरबीचा असल्यामुळे यापेक्षा जास्त ऊती घालू नये. होमोजिनाइज केल्यावर १२,००० जी वेगाने ४ अंशांवर दहा मिनिटं फिरवून वरचा चरबीचा थर काढून टाकायचा. ही पायरी स्नायूला लागत नाही म्हणून लोक मेंदूलाही गाळतात. मग ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवणं, तीन मिनिटं थांबणं, पंधरा मिनिटं १२,००० जी. वरचा स्वच्छ थर उचलताना लोभ करू नये. मधल्या पांढऱ्या थराला टोक लागलं तर डीएनए आला. अर्धा मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल, दहा मिनिटं, पुन्हा फिरवणं, ७५ टक्के इथेनॉलने धुणं. पिट्युटरीचं वजन काही मिलिग्रॅमच, तिथे गोळी डोळ्याला दिसत नाही. आयसोप्रोपॅनॉलआधी ५ ते १० मायक्रोग्रॅम आरएनएज-मुक्त ग्लायकोजेन घातलं तर दिसते आणि हातून सुटत नाही. गोळी पूर्ण कोरडी करू नये, विरघळत नाही.

मेंदूच्या १ मिलिग्रॅममागे साधारण १ ते १.५ मायक्रोग्रॅम आरएनए मिळावा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर २च्या आसपास, २६० आणि २३०चं १.८च्या वर. दुसरं १च्या खाली आलं तर ग्वानिडिन राहिलं आहे, इथेनॉलने आणखी एकदा धुवायचं. पण हे आकडे तुकडे झालेल्या आरएनएलाही छान येतात. म्हणून जेल टाळू नये: रायबोसोमच्या आरएनएच्या दोन पट्ट्यांपैकी २८एसची पट्टी १८एसपेक्षा ठळक दिसली पाहिजे. दोन्हींऐवजी खाली धूसर लोळ दिसला तर तो नमुना बाद, मग मासा कितीही कष्टाने मिळालेला असो.

उरलेला डीएनए तोडायला डीएनेज, आरएनएच्या मायक्रोग्रॅमला एक युनिट, ३७ अंशांवर ३० मिनिटं. मग १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून २० मायक्रोलिटर सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत), आणि दर तुकडीत एक नळी उलट-प्रतिलेखन विकराशिवाय. प्रायमर दोन एक्सॉनच्या सांध्यावर, उत्पाद ८० ते २०० बेसचा. पहिल्यांदा मिळालेला उत्पाद सँगर पद्धतीने वाचून घ्यावा. दहापट विरलनांच्या आलेखाचा उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के. उणे ३.५८ ते उणे ३.१०, म्हणजे ९० ते ११० टक्के, इथपर्यंत चालवतो. त्याबाहेर गेला तर गणिताने सावरण्यापेक्षा नवा प्रायमर मागवलेला बरा.

प्लेटची आखणी अशी: एका प्लेटवर एकच जनुक, एकच लिंग. चार टप्पे, प्रत्येकी सात मासे, तीन-तीन खळगे, झाले ८४. उरलेल्या बारांत तीन पाण्याचे, तीन विकराशिवायच्या नळीचे, तीन सगळ्या प्लेटांवर सारख्या असणाऱ्या मिश्र नमुन्याचे, तीन ज्ञात विरलनाचे. डीएनएला चिकटून चमकणारा सायबर ग्रीन रंग, ९५ अंशांवर १५ सेकंद आणि ६० अंशांवर १ मिनिट अशी ४० आवर्तनं, शेवटी मेल्ट कर्व्ह, म्हणजे उत्पाद कोणत्या तापमानाला वितळतो त्याचा आलेख. पाण्याच्या खळग्यात ३६व्या आवर्तनाला काही उगवलं आणि त्याचा वितळबिंदू उत्पादापेक्षा कमी असला तर ते प्रायमरच एकमेकांना चिकटलेले. जीएनआरएचसारखी थोड्याच पेशींत असणारी जनुकं उशिरा उगवतात, त्यामुळे तिथे हा गोंधळ जास्त. ३५च्या पुढचं वाचन आम्ही आकडा म्हणून वापरत नाही.

संदर्भ जनुकाबद्दल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या स्थिर जनुकाबद्दल, हट्ट धरावा. बीटा-अ‍ॅक्टिन सवयीने घेतलं जातं, पण ते ऋतूनुसार स्थिर आहे की नाही हे आपल्याच नमुन्यांवर तपासायला हवं. १८एस इतकं मुबलक असतं की त्याच्या शेजारी जीएनआरएचमधला फरक झाकला जातो. चार-पाच उमेदवार तपासून त्यांतल्या स्थिर दोन-तीनांची भूमितीय सरासरी घ्यावी. दोन आवर्तनांचा फरक म्हणजे चौपट. संदर्भ जनुकच एका आवर्तनाने घसरलं तर सगळे निष्कर्ष दुपटीने चुकले. सांख्यिकी डेल्टा-सीटीवर (आपलं जनुक आणि संदर्भ जनुक यांच्या उगवण्याच्या आवर्तनांतल्या फरकावर) करायची, पटींवर नव्हे. आणि नमुन्याची संख्या म्हणजे माशांची संख्या. खळगे मोजून ती तिप्पट करणारा तक्ता परत पाठवावा.

निष्कर्ष लिहिण्याआधी कापाची एक तपासणी बाकी राहते. हायपोथॅलॅमसच्या सगळ्या नमुन्यांवर एलएच-बीटा चालवून बघायचं. एखाद्या माशात ते इतरांच्या शंभरपट आलं तर तिथे पिट्युटरीचा कण चिकटून आला आहे, त्या माशाचा डी२ ग्राहीचा आकडाही मग धरता येत नाही. इतका साधा उपाय, आणि बहुतेक प्रबंधांत तो दिसत नाही.

प्रजननपूर्व काळात पिट्युटरीत एलएच-बीटाचा आरएनए वाढलेला दिसला, तरी ते संप्रेरक रक्तात सोडलं गेलं असं त्यावरून म्हणता येत नाही. तळ्यातल्या मादीची तर अडचणच ती: साठा आहे, सुटका नाही. म्हणून सोबत रक्तातलं संप्रेरक मोजावं. आणि ओव्हाप्रिम टोचलेल्या माद्यांचा एक वेगळा गट ठेवून ०, ३, ६ आणि १२ तासांनी नमुने घ्यावेत, सोबत फक्त सलाइन टोचलेल्या माद्या. जीएनआरएच३ किंवा किस२ वर गेलं म्हणून ‘हेच जनुक प्रजनन सुरू करतं’ असं लिहायचा मोह आवरावा. झेब्राफिशमध्ये जीएनआरएच३ निकामी केलं तरी मासे प्रजननक्षम राहिले, दोन्ही किस जनुकं काढली तरीही. एलएच-बीटा काढलं तेव्हा मात्र माद्या वांझ झाल्या.

किती हे क्यूपीसीआर सांगतं. कोणत्या पेशीत हे बघायला इन सिटू हायब्रिडायझेशन करावं लागतं, आणि त्यासाठीचे मेंदू पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे लागतात: आरएनएलेटरऐवजी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये तळाशी बसेपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर तीन मासे यासाठी बाजूला काढले नाहीत तर पुढचा आषाढ येईपर्यंत थांबावं लागतं.